गुडघे बरे करणारी हापशी

आमच्या मुर्रीच्या घरामागे एक हापशी होती आणि तिने गोंदिया जिल्ह्यातले अर्धे गुडघे बरे केले होते. अर्धे म्हणजे डावे. उजव्यासाठी पुन्हा एकदा यावं लागायचं. मी हे सांगायला लागले की माझा मुलगा हात जोडतो आणि म्हणतो, आई, जरा कमी कर. बरं, करते कमी. गोंदियापासून अर्जुनी मोरगावपर्यंतच्या बायांचे गुडघे म्हणू. त्या बाजूची सकाळची गाडी आली की स्टेशनावरून बायांची एक रांग लंगडत लंगडत मुर्रीच्या रस्त्याला लागायची, आणि दुपारी तीच रांग परत जाताना इतकी भराभर चालायची की सायकलवाले बाजूला होत. गार्डसुद्धा म्हणे शिट्टी द्यायच्या आधी विचारायचा, हापशीवाल्या आल्या का? हे मी स्वतः ऐकलेलं नाही. जनाआत्याने सांगितलं, आणि जनाआत्या खोटं बोलत नसे. ते काम आमच्या घरात माझ्याकडे होतं.

घर म्हणजे पुढे आमच्या दोन खोल्या, मध्ये अंगण आणि अंगणापलीकडे कवेलूच्या छपराखाली भाड्याने दिलेल्या तीन खोल्या. अंगणाच्या मधोमध हापशी, तिच्याभोवती सिमेंटचा ओटा, ओट्याला लागून दोडक्याचा वेल. चारही बाजूंना राईस मिल. बाबा त्यातल्याच एका मिलमध्ये फिटर होते. उन्हाळ्यात दुपारी मिलमधला बारीक कोंडा उडत उडत आमच्या अंगणात यायचा आणि उन्हात असा थांबायचा की खाली पडायचं विसरून गेलाय. उसन्या, म्हणजे उकडलेल्या भाताचा ओलसर, गोडसर वास यायचा, लांबून मालगाडीची धडधड यायची, आणि मला वाटायचं आमचं अंगण जमिनीवर नाहीच, हातभर वर तरंगतंय. तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. त्या वयात माणूसही थोडा वरच असतो म्हणा. आई दाराच्या चौकटीत बसून लाखोळीच्या डाळीचे वडे थापत असायची. तिचं माहेर चोरखमाऱ्याच्या तलावाजवळचं, म्हणून तिच्याकडे सुकवलेल्या झिंग्यांची एक पिशवी कायम असायची आणि तिचा वास आमच्या अंथरुणालाही यायचा. लग्नाला आता चाळीस वर्षं झाली तरी माझ्या सासरचे म्हणतात, हिच्या साड्यांना तळ्याचा वास येतो. येऊ दे.

आता हापशीचं. तिच्या दांड्याला हात लावला की झिणझिण्या यायच्या. बोटांच्या टोकातून मनगटात, मनगटातून कोपरात, जणू कोणी मुंग्यांची वरात काढली आहे. ओल्या पायांनी ओट्यावर उभं राहिलं तर वरात गुडघ्यापर्यंत पोचायची. मी तुम्हाला पुढे कुठे तरी एकदम चकित करणार नाही, आत्ताच सांगून टाकते: हापशीत देव नव्हता, करंट होता. पण हे तेव्हा अंगणातल्या कुणाला ठाऊक नव्हतं. म्हणजे, कुणाला ठाऊक नव्हतं असं मी तेव्हा समजत होते.

जनाआत्या बाबांची मोठी बहीण. नवरा गेल्यावर माहेरी परत आली ती न हसता, आणि तशीच राहिली. तिचे गुडघे असे धरलेले असायचे की सकाळी तिला उठवायला आई आणि मी दोघी लागायचो, एक इकडून, एक तिकडून, आणि ती मधून आम्हालाच शिव्या द्यायची. एका उन्हाळ्यात ती हापशीवर पाय धूत होती. दांड्याचा आधार घेतला आणि एकदम ओरडली. आई भांडी टाकून धावली. बघते तर आत्या दोन्ही हातांनी दांडा धरून उभी, डोळे मिटलेले, आणि हसून राहिली होती. मी जन्मात पहिल्यांदा तिचे दात पाहिले. फार सुंदर दात होते. "अवं, गुडघ्यात कोणी नाचून राहिलं!" ती म्हणाली. त्या दिवशी ती एकटी उठली, एकटी बसली, आणि संध्याकाळी तिने स्वतः आंबील घाटली. तिखट इतकं टाकलं की बाबांच्या डोळ्यांतून पाणी आलं. ते तिखटाचंच पाणी, असं मी पुढे बराच काळ समजत होते.

मग बाया यायला लागल्या. आत्याने नियम घातले, कारण देव असला की नियम लागतात. चप्पल काढायची, पाय ओले करायचे, ओट्यावर उभं राहायचं, दोन्ही तळवे दांड्यावर ठेवायचे, शंभर आकडे मोजायचे, नंतर पेलाभर पाणी प्यायचं. कोणाकडून तांदळाचा दाणा घ्यायचा नाही. उलट आईच सगळ्यांना आंबील द्यायची. ज्या बाया मोजता मोजता चुकायच्या त्यांना आत्या पुन्हा एकपासून सुरू करायला लावायची. आमच्या हापशीमुळे किती गुडघे सुधारले ते देव जाणे, पण मुर्रीतल्या बऱ्याच बायांना शंभरपर्यंत मोजता यायला लागलं ही गोष्ट मी शपथेवर सांगेन.

सगळ्यांनाच नेहमी येणं जमेना. तेव्हा तिघी जणींनी घरीच सोय केली. एकीचा नवरा आमच्या अंगणात उभं राहून हापशीच्या पायापासून भिंतीवर चढणारी वायर निरखून गेला होता. त्याने घरच्या बोर्डावरून एक वायर काढली, मध्ये एक बल्ब घातला, आणि टोक स्वतःच्या हापशीला गुंडाळलं. बल्ब पेटला, बायकोला झिणझिण्या आल्या. त्याचं पाहून आणखी दोघांनी केलं; देव त्या वायरीवरून घरी येतो, असंच सगळे धरून चालले. आत्याला मोठा मान देऊन बोलावलं, तिने तिन्ही हापशांना हळदीकुंकू लावलं आणि नारळ फोडले. आज ही ओळ लिहिताना माझ्या अंगावर काटा येतोय. तो बल्ब मध्ये होता म्हणून त्या बाया जिवंत होत्या, आणि पाइपाभोवतीची जमीन एखाद्या दिवशी जरा जास्त कोरडी असती तर त्या बल्बानेही कुणाला वाचवलं नसतं.

मी त्या वर्षी आयटीआयला वायरमन ट्रेडमध्ये होते. अख्ख्या वर्गात एकटी मुलगी. पहिल्या दिवशी सर मला पाहून म्हणाले, "बेटा, सिलाईवाली क्लास बाजू में है." मी म्हटलं, सर, शिवण मला येतं, हे येत नाही. ते हसले आणि त्यानंतर त्यांनी मला मुलांपेक्षा जास्त रगडलं, म्हणून आज माझ्या हातात हे काम आहे. त्यांचे हात मोठे आणि डागांनी भरलेले होते. संशय असलेल्या वस्तूला हात लावायचाच झाला तर तळहात नाही, मागची बाजू लावायची, हे त्यांनी आमच्याकडून इतक्या वेळा घोटून घेतलं की पुढे मी माझ्या नवऱ्याचा तापसुद्धा हाताच्या पाठीने पाहत आले. "सीधा हाथ लगाया तो मुट्ठी बंद हो जाती है, फिर करंट छोड़ता नहीं," ते म्हणायचे, आणि मूठ बंद करून दाखवायचे. ती मूठ पाहिली की मला आमचा हापशीचा दांडा आठवायचा. शंभर आकडे. दोन्ही तळवे. पण मी ती आठवण बाजूला सारायची. आत्या हसते आहे ना, मग.

मग सरांनी सगळ्यांना एक छापील कागद दिला. स्वतःचं घर आणि आसपासची भाड्याची घरं तपासून भरून आणायची. मीटर कुठे, मेन स्विच कुठे, फ्यूजमध्ये बरोबर तार आहे की जाडजूड तांब्याची घातली आहे, अर्थिंग कुठे, भाडेकरूच्या खोलीत न्यूट्रल, म्हणजे करंट परत जायची वायर, कुठून आला आहे. आजही मी भाड्याच्या खोल्या तपासायला जाते, कॉलेजच्या पोरांच्या, एका बोर्डावर सात चार्जर लटकवलेले, आणि घरमालक मागे मागे फिरत म्हणतो, मॅडम, सब ठीक है ना? आता घरात असं एक बटन बसवतात की करंट जरा वाकड्या वाटेने गेला की क्षणात सगळं बंद. मी ते बटन दाबून बघते, खट् होतं, आणि मला आत्या आठवते. तेव्हा असं काही आमच्या घरात नव्हतं. तेव्हा आमच्याकडे सुकवंती होती.

सुकवंती तिसऱ्या खोलीतली भाडेकरू. नवरा लाकडाच्या डेपोत कामाला, दोघं जंगलपट्टीतल्या गावाची, लग्नाला वर्षही झालं नव्हतं आणि तिला सातवा महिना होता. चुलीच्या धुराने तिला खोकला यायचा, म्हणून नवऱ्याने तिच्यासाठी तारेचं गुंडाळं लाल होणारा विजेचा हीटर आणला होता. त्याला किती अभिमान त्या हीटरचा! शेजाऱ्यांना बोलवून दाखवायचा, जणू खोलीत सूर्य आणून ठेवला आहे. सुकवंती कमी बोलायची, पण हापशीवर पाणी भरताना दांड्याला पदर गुंडाळायची. आत्याला ते खपत नसे.

"पदर काऊन लावते वं? देवाले असं कपड्यातून पकडते का कोणी?"

"चावते थे, बाई."

"चावते म्हंजेच गुण येते."

"आमच्या गावात बी हापशी आहे. थे चावत नाई."

"तुमच्या गावच्या हापशीत देव नसन."

"नाई ना," सुकवंती शांतपणे म्हणाली. "पाणी आहे."

आईने तोंडात पदर घातला आणि घरात पळाली. मला वाटतं, त्या अंगणात पहिली तपासणी सुकवंतीने केली होती. तिच्याकडे कागद नव्हता, एवढंच.

तो शुक्रवार होता. वैशाखाची दुपार, कोंडा हवेत थांबलेला, अंगणात दहाबारा बाया सावलीला बसलेल्या. वेणीत टेस्टर खोचून आणि हातात सरांचा कागद घेऊन मी मागच्या खोल्या बघत होते. मागच्या खोल्यांचे बल्ब गेले कित्येक दिवस दिवसेंदिवस मंद होत चालले होते, पिकल्या तेंदूफळासारखे पिवळे, आणि सुकवंतीने हीटर लावला की आणखीनच मालवत. मी नुसती वायरमागे वायर धरून चालले. एक वायर पुढच्या खोलीतून आलेली, ती बरोबर. दुसरी, न्यूट्रलची, पुढे जायच्या ऐवजी भिंतीवरून खाली उतरली, दोडक्याच्या वेलात शिरली आणि हापशीच्या पाइपाला येऊन बसली. टोक गोल वळवून आत खोचलेलं, वर सायकलच्या ट्यूबची पट्टी. तसं टोक वळवणारा माणूस सगळ्या मुर्रीत एकच होता. माझे बाबा.

तीन खोल्यांचा करंट येताना वायरीने यायचा आणि परत जाताना आमच्या हापशीतून जमिनीत जायचा. जमीन ओली असली की चुपचाप जायचा. जमीन कोरडी पडत गेली, पाणी खोल गेलं, की वाटेत दांड्यावर रेंगाळायचा. आणि हीटर लागला की, नुसता रेंगाळत नसे. मी हे सगळं एका श्वासात समजले आणि त्याच श्वासात मला भात शिजल्याचा वास आला. तिसऱ्या खोलीत हीटर चालू होता.

ओट्यावर आत्या सुकवंतीला घेऊन उभी होती. सुकवंतीची कंबर दोन दिवस दुखत होती, आणि आत्याने ठरवलं होतं की आज पदर नाही, आज दोन्ही तळवे, आज पुरते शंभर. तिने सुकवंतीच्या पायांवर तांब्याभर पाणी ओतलं. मी धावत गेले आणि टेस्टर दांड्याला लावला. तो पेटला. भर दुपारी, उन्हात, त्याच्या पोटातला ठिपका लाल झाला.

"आत्या, थांब! यात करंट आहे!"

"चप्पल घालून ओट्यावर चढते? उतर खाली!" आत्या गरजली. बायांनीही हातवारे केले, उतर, उतर. माझ्या पायात रबरी चप्पल होती म्हणून मी त्या ओट्यावर सगळ्यांत शहाणी होते, आणि त्याच चपलेमुळे माझं ऐकायला कुणी तयार नव्हतं.

"आत्या, हिच्या पोटात लेकरू आहे!"

"म्हणूनच तं! दोघाईले गुण येईन. एवढी पुस्तकं शिकली, पायतानं काढायची नाई शिकली."

तिने सुकवंतीची मनगटं धरली. मी वाद घालण्यात आणखी एक क्षण घालवला असता तर हे प्रकरण मी लिहिलं नसतं. मी पळाले. अंगणातून पुढच्या खोलीपर्यंतचं ते अंतर तीसेक पावलांचं, पण मी गोंदियाहून नागपूरला धावत गेले असते तर लवकर पोचले असते असं वाटलं. आईच्या वड्यांच्या सुपावरून उडी मारली, सूप उलटलं, बोर्डावरचा मागच्या खोल्यांचा फ्यूज ओढून हातात घेतला, आणि भिंतीला टेकून कान दिला.

अंगणातून सुकवंतीचा आवाज आला, "काईच नाई होऊन राहिलं, बाई."

मग आत्याचा आवाज, "सरक. मी पाहतो." बायांची कुजबुज सुरू झाली. देव रुसला. काहीतरी बाटलं. पोट्टीनं चप्पल नेली ना वर. मी फ्यूज मुठीत धरून अंगणात आले. आत्या दोन्ही तळवे दांड्यावर ठेवून उभी होती आणि तिचा चेहरा असा झाला होता की कोणी तिच्या हातातून काहीतरी न विचारता काढून नेलं आहे. मी नेलं होतं. आणि ते दहाबारा बायांसमोर सांगण्याशिवाय माझ्याकडे दुसरा मार्ग नव्हता.

"आत्या, तुझा देव या फ्यूजात आहे. हा काढला की जाते, लावला की येते."

आत्याने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं आता थप्पड बसणार. ती म्हणाली, "लाव."

मी सुकवंतीला हीटर बंद करायला पाठवलं, नुसते बल्ब ठेवले, आणि मग लावला. आतूनच ओरडले, "लावला!"

"सांगू नको!" आत्या बाहेरून ओरडली. "तू सांगू नको. मी सांगतो तुले."

मी आत उभी राहून फ्यूज काढत होते, लावत होते, मनाला येईल तसं. बाहेर आत्या डोळे मिटून म्हणत होती, आहे. नाही. नाही. आहे. नाही. आई दोन्हीकडे दिसेल अशी चौकटीत उभी राहून माझा हात आणि आत्याचं तोंड पाहत होती. आत्या एकदाही चुकली नाही. पुढे मी मोठमोठ्या यंत्रांनी तपासण्या केल्या, डिग्रीवाल्या माणसांबरोबर केल्या, पण इतकी प्रामाणिक तपासणी मी पुन्हा पाहिली नाही. आपलंच खोटं ठरणार आहे हे कळत असताना ती बाई एकेक उत्तर बरोबर देत गेली.

मिलचा भोंगा झाला आणि बाबा जेवायला आले. अंगणात बाया, मधोमध आत्या, माझ्या हातात फ्यूज. त्यांना काही सांगावं लागलं नाही. ते सायकल स्टँडवर लावतच राहिले, लावतच राहिले, जणू त्या सायकलीला आठ स्टँड होते.

"तुले माईत होतं?" आत्याने विचारलं.

"चिंचेची फांदी पडून मागची वायर तुटली होती, बाई. दोन दिवसापुरतं जोडलं होतं."

"मी थे नाई विचारून राहिली. मी पकडत होती, थे माईत होतं?"

बाबा आपल्या चपलांकडे पाहत म्हणाले, "तू हसली ना त्या दिवशी. दुसऱ्या दिवशी काढायले गेलो होतो. पान्हा हातात होता. तू म्हटलं, भाऊ, आज मी एकटी उठली." त्यांनी सायकलचं हँडल उगाच सरळ केलं. "मग कसं काढू?"

बाबांवर मी तेव्हा फार चिडले होते. अजूनही चिडते, पण आता माझेही गुडघे गेले आहेत, आणि मला कोणी विचारलं की शोभाताई, एका झिणझिणीत बरं वाटत असेल तर घ्याल का, तर मी लगेच नाही म्हणेन असं वाटत नाही. आत्याने मात्र तिथल्या तिथे ती झिणझिणी नाकारली. "माझे गुडघे बरे करायले हिचं पोट ठेवलं होतं का तू हापशीवर?" एवढंच. बाबांनी जेवण केलं नाही. संध्याकाळ व्हायच्या आत मागच्या खोल्यांपर्यंत नवी वायर ओढली आणि हापशीची वायर कापली. पण तोपर्यंत आम्ही दोघी घरी नव्हतो.

कारण बाया पांगल्या आणि आत्या एकदम म्हणाली, "आन त्या तिघी?"

मी म्हटलं, मी सांगून येते. "तुझं कोण ऐकन?" आत्या म्हणाली. "इतं ऐकलं का कोणी? कुंकू माझ्या हातचं आहे." तिने डोक्यावर ओला पंचा घेतला, काठी घेतली, आणि त्या आगीसारख्या उन्हात आम्ही निघालो. रस्ता विरघळून लांब लांब चालला होता, पुढे पाणी दिसायचं आणि नसायचं. आत्या दर विजेच्या खांबापाशी थांबायची, गुडघ्यावर हात ठेवायची, खांबालाच एक शिवी द्यायची, आणि निघायची. पहिल्या घरी तिने दारातूनच सांगितलं, "माझा देव खोटा होता. वायर काढा." घरधनी काही बोलायच्या आत मी बोर्ड बंद केला. दुसऱ्या घरी ती तेच वाक्य बोलली, पण आवाज थोडा बसला होता. प्रत्येक वेळी ती ते वाक्य पूर्ण बोलायची. मी एकदा तिच्याऐवजी बोलायला लागले तर तिने काठीने माझी पोटरी मोजली.

तिसरं घर रेल्वेलाईनच्या पलीकडे, कौसल्याबाईचं. तिचे गुडघे आत्यापेक्षा वाईट, आणि हापशीने तिला खरोखर बरं वाटत होतं. ती दांड्याला पाठ लावून उभी राहिली. नशीब, तेव्हा लाईट गेलेली होती.

"नाई काढू देत," ती म्हणाली. "तुम्हीच नारळ फोडला, जनाबाई. आता तुमचा देव गेला तं माझा बी नेता का?"

"देव नाई वं थे. मरशील."

"मरू द्या. दोन वर्ष झाली, मी रडल्याशिवाय उठून राहिली सकाळी. तुमाले काय माईत."

"मले नाई माईत?" आत्या म्हणाली.

दोघी एकमेकींकडे पाहत उभ्या राहिल्या. मी सांगायला तोंड उघडलं, करंट, न्यूट्रल, जमीन, आणि मिटलं. मग आत्याने काठी माझ्याकडे दिली, एक हात गुडघ्यावर, एक जमिनीवर, आणि कण्हत, शिव्या देत, ती कौसल्याबाईच्या ओट्यावर, हापशीच्या पाइपाला पाठ टेकवून मांडी घालून बसली.

"मी बसली इतं. लाईट आली का पहिले मले लागन, मंग तुले. बोलाव तुझ्या नवऱ्याले, नाईतं बस माझ्या बाजूले."

ऊन सरकलं. एक मालगाडी गेली, इतकी लांब की तिचा शेवट येता येईना. गाडी गेल्यावर कौसल्याबाई घरात गेली आणि नवऱ्याला खेकसून म्हणाली, "काढा थे वायर. नाईतं हे बुढी इतंच मरन." तो वायर काढत असताना मी बोर्डाजवळ उभी राहिले, दोन्ही टोकं मोकळी होईपर्यंत.

मग आत्याने उठवायला हात वर केला. मी ओढलं, ती हलली नाही. पुन्हा ओढलं. आत्या आकाशाकडे पाहत शिव्या देत होती. कौसल्याबाई दारात पाठ फिरवून उभी होती. थोड्या वेळाने ती वळली, दोन पावलांवर तीनदा थांबत ओट्यापर्यंत आली, आणि तोंड फिरवूनच तिने आपला हात पुढे केला. आत्याने तो दोन्ही तळव्यांत धरला. दोघींनी एकमेकींना ओढलं, दोघींचे गुडघे कडकड वाजले, आणि दोघी उभ्या राहिल्या.